अमेरिकी लोकगीतांचं जतन : मेणाचे सिलिंडर, तबकड्या आणि पत्रं

रानपाखरू

‘कुंबाया’ हे गाणं इथल्या अनेकांनी मिशनरी शाळेत किंवा स्काउटच्या शिबिरात म्हटलं असेल. त्याचं आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण १९२६ सालचं आहे, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या किनारपट्टीवरचं. लोकगीतं गोळा करणारे रॉबर्ट विन्स्लो गॉर्डन यांनी ते मेणाच्या सिलिंडरवर घेतलं. गायकाचं नाव एच. वायली. बस्स, एवढंच. ‘एच’ म्हणजे काय, तो पोटापाण्यासाठी काय करायचा, गाणं कुणाकडून शिकला, यातलं काही म्हणजे काही नोंदलेलं नाही. आवाज मात्र आहे. खरखरीतून वर येणारा, देवाला ‘इकडे ये’ म्हणून आळवणारा.

आता याच्या शेजारी दुसरा माणूस ठेवून बघा. १९४१ च्या ऑगस्टमध्ये लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल इथल्या कापसाच्या मळ्यावर गेले. तिथे ट्रॅक्टर चालवणाऱ्या मॅकिन्ली मॉर्गनफील्ड या तरुणाची गाणी त्यांनी तबकडीवर घेतली. सप्टेंबरात त्याचं पत्र आलं. गाणी नीट उतरली का आणि उतरली असतील तर पाठवाल का, एवढीच विचारणा. सोबत स्वतःची ओळख, की अमकी अमकी गाणी म्हणणारा तो मी. पुढे त्याला रेकॉर्डच्या दोन प्रती आणि २० डॉलरचा चेक मिळाला. स्वतःचा आवाज रेकॉर्डवर ऐकला आणि आपल्याला हे जमतं असा विश्वास आला, असं तो नंतर सांगत असे. १९४३ मध्ये मळा सोडून तो शिकागोला गेला. जग त्याला मडी वॉटर्स, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लूज’ संगीतातला मोठा गायक म्हणून ओळखतं.

दोघांचेही आवाज सरकारी संग्रहात सुरक्षित आहेत. पण एकाला आपण माणूस म्हणून ओळखतो आणि दुसरा एका आद्याक्षरावर अडकलाय. लोकगीतांचं जतन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे यंत्र येतं, गाडीच्या डिकीतलं अवजड रेकॉर्डिंग यंत्र. माझं म्हणणं असं की निम्मं जतन टपालातून झालं, आणि त्या निम्म्याची दखल कुणी फारशी घेत नाही. म्हणून हा धागा.

गॉर्डन यांच्यापासूनच सुरुवात करू, कारण मला ते फार मोठे वाटतात. हार्वर्डला शिकलेला हा माणूस कॅलिफोर्नियात बर्कलीला इंग्रजी शिकवायचा. १९२३ पासून त्यांनी ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाच्या मासिकात जुन्या गाण्यांचं सदर चालवलं. मासिक कसलं, तर स्वस्त कागदावर छापलेलं, थरारकथांचं. विद्यापीठाच्या वर्तुळात असल्या गोष्टींना मान नव्हता. गॉर्डनना मात्र नेमका तोच वाचक हवा होता : खलाशी, लाकूडतोडे, रेल्वेचे कामगार, कामाच्या शोधात गावोगाव भटकणारे मजूर. येतं ते गाणं पाठवा, अर्धवट आठवत असेल तर अर्धवटच पाठवा, असं त्यांचं आवाहन. कुणी एक कडवं धाडायचं, कुणी विचारायचं की आमचे वडील अमुक गाणं म्हणायचे, त्याचं पुढचं कुणाला येतं का? सदर १९२७ पर्यंत चाललं आणि तेवढ्यात चार हजारांच्या घरात पत्रं जमली. १९२८ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, संगीत विभागात, अमेरिकी लोकगीतांचा संग्रह सुरू झाला तेव्हा पहिले प्रमुख गॉर्डनच झाले.

पत्रांचा उपयोग काय, तर पुन्हा ‘कुंबाया’कडे या. मार्विन फ्रे नावाच्या पाद्र्यानं हे गाणं आपण १९३० च्या दशकात रचलं असं सांगितलं आणि १९३९ मध्ये हक्कही नोंदवला. अनेक पुस्तकांत बरीच वर्षं तसंच छापलं गेलं. पण गॉर्डन यांच्या संग्रहात १९२६ चा सिलिंडर होताच. शिवाय नॉर्थ कॅरोलिनातल्या अलायन्स गावचे मुख्याध्यापक ज्युलियन बॉइड यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून गाणी गोळा केली होती. त्यातलं मिनी ली या विद्यार्थिनीकडून त्याच वर्षी मिळालेलं गाणं हेच. बॉइड यांनी तो सगळा गठ्ठा १९२७ मध्ये गॉर्डनना पाठवला. जॉर्जियात एकजण गातोय आणि दुसऱ्या राज्यातल्या शाळकरी मुलीला तेच गाणं येतंय, म्हणजे ते आधीपासून कृष्णवर्णीय समाजात रुळलेलं होतं. सिलिंडर आणि कागद एकमेकांना साक्ष देतात.

दुसरं उदाहरण ‘होम ऑन द रेंज’चं. अ‍ॅलनचे वडील जॉन लोमॅक्स यांनी काउबॉयांची गाणी गोळा करताना वर्तमानपत्रांच्या संपादकांना परिपत्रकं धाडली होती. १९१० मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यात हे गाणं होतं. १९३० नंतर रेडिओवर ते इतकं गाजलं की अ‍ॅरिझोनातल्या एका दांपत्यानं, गाणं आमचं आहे म्हणून, १९३४ मध्ये पाच लाख डॉलरचा दावा ठोकला. प्रकाशकांच्या संघटनेनं सॅम्युअल मोनफेल्ट या वकिलाला मुळाशी जायला सांगितलं. तो माणूस पश्चिमेत हिंडला, म्हाताऱ्या लोकांकडून जबान्या आणि पत्रं जमवली आणि कान्सासच्या स्मिथ कौंटीत पोचला. तिथे ब्रूस्टर हिगली या डॉक्टरनं १८७३ च्या सुमारास कविता लिहिली होती आणि डॅनियल केली यांनी चाल लावली होती. दावा बारगळला. १९४७ पासून ते कान्सासचं राज्यगीत आहे.

तुम्हाला अशी आणखी उदाहरणं माहीत असतील तर लिहा. विरोधी मतांचंही स्वागत.

निळावंती

सुंदर धागा. ‘टॉम डूली’ची गोष्ट इथे यायलाच हवी.

न्यूयॉर्कच्या फ्रँक आणि अ‍ॅन वॉर्नर या दांपत्यानं नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातल्या नेथन हिक्स यांनी बनवलेलं डल्सिमर पाहिलं. डल्सिमर म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायचं तंतुवाद्य. त्यांनी हिक्सना पत्र लिहिलं आणि १९३८ मध्ये थेट बीच माउंटनला जाऊन पोचले. तिथे हिक्स यांचे जावई फ्रँक प्रॉफिट भेटले आणि त्यांनी ‘टॉम डूली’ म्हणून दाखवलं. हा टॉम डूला खराखुरा माणूस. लॉरा फॉस्टर या मुलीच्या खुनासाठी १८६८ मध्ये फाशी गेलेला. प्रॉफिट यांची आजी त्याला ओळखत होती. म्हणजे गाणं घरातल्या घरातच आलेलं.

वॉर्नर ते वर्षानुवर्षं कार्यक्रमांत गायचे, १९४७ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्सच्या पुस्तकात ते छापलं गेलं आणि १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रायो या तिघांच्या गटानं गाऊन देशभर पहिला नंबर पटकावला. रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. तंबाखू पिकवणारा, सुतारकाम करणारा हा माणूस आपलं गाणं टीव्हीवर दुसऱ्याच कुणाकडून ऐकतो! त्या दिवसाबद्दल प्रॉफिट यांनी वॉर्नरना लिहिलेलं पत्र उरलंय. जिवलग कुणी गेल्यासारखं वाटलं आणि बाहेर डोंगराच्या धारेवर जाऊन रडलो, असं त्यात आहे. १९६२ मध्ये तडजोड झाली, मानधनात त्यांचा वाटा मान्य झाला. तोवर विक्रीची लाट ओसरली होती.

ते पत्र नसतं तर इतिहासात फक्त खपाचा आकडा राहिला असता. मला त्या पत्रापुढे रेकॉर्ड दुय्यम वाटते.

शंकासुर

लेख चांगला आहे, पण संग्राहकांना इतकं डोक्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. गाणी गरिबांची, बहुतांशी कृष्णवर्णीय मजुरांची, कैद्यांची. पुस्तकावर नाव लोमॅक्सचं, हक्कांतही वाटा लोमॅक्सचा. लेड बेलीचं प्रकरण घ्या. १९३३ च्या जुलैमध्ये जॉन लोमॅक्स आणि त्यांचा १८ वर्षांचा मुलगा अ‍ॅलन लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात गेले आणि हडी लेडबेटर, म्हणजेच लेड बेली, हा अफाट गायक त्यांना सापडला. सुटल्यावर तो लोमॅक्सची गाडी चालवत होता. कार्यक्रमांच्या कमाईची वाटणी अशी, की काही महिन्यांत दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. वर्तमानपत्रांतून त्याला कैद्याच्या वेशातला रानटी माणूस म्हणून मिरवलं गेलं. हे जतन कसलं?

त्यात ती दंतकथा, की राज्यपालांना उद्देशून गायलेल्या गाण्यामुळे त्याची सुटका झाली. १९३९ मध्ये अँगोलाच्या तुरुंगाधिकाऱ्यानं न्यूयॉर्कला पाठवलेल्या पत्रात स्वच्छ लिहिलंय, की या गोष्टीला काडीचा आधार नाही. चांगल्या वर्तणुकीबद्दल सजेत जी सूट सगळ्यांना मिळायची तीच त्याला मिळाली.

रानपाखरू

@शंकासुर, वाटणीबद्दल आणि त्या जाहिरातबाजीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. लेड बेली डिसेंबर १९४९ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी वीव्हर्स या गटानं त्याच्या तोंडून आलेलं ‘गुडनाइट आयरीन’ गाऊन पहिला नंबर मिळवला. याहून जिव्हारी लागणारं काय असेल?

पण तुम्ही ज्याच्या जोरावर दंतकथा मोडलीत तोही कागदच आहे. लोमॅक्सवरचे सगळे आक्षेप आपण घेऊ शकतो ते त्यांची पत्रं, करारपत्रं आणि हिशेब संग्रहात राहिले म्हणून. संग्राहकाला सोयीचं तेवढंच ठेवायचं ठरलं असतं तर हे पुरावे आज तुमच्या-माझ्यापुढे नसते. म्हणून मला सगळा पत्रव्यवहार, अगदी गैरसोयीचासुद्धा, तबकडीइतकाच मोलाचा वाटतो.

तबकडी

यंत्राची बाजू थोडी मांडतो, जुन्या रेकॉर्ड्सच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत.

मेणाच्या सिलिंडरवर दोन ते चार मिनिटांचं मुद्रण मावतं. सुई दर वेळी मेण थोडं थोडं झिजवते, म्हणजे ऐकणं हेच पुसणं. दमट हवेत बुरशी येते ती वेगळीच. अमेरिकेत पहिलं क्षेत्रीय मुद्रण, म्हणजे लोकांत जाऊन केलेलं मुद्रण, १८९० मध्ये मेन राज्यात झालं, जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी पासामाक्वॉडी आदिवासींची गाणी आणि गोष्टी घेतल्या, तेही मेणावरच. १९३३ च्या दौऱ्यात लोमॅक्स बाप-लेकांच्या फोर्ड गाडीत ३१५ पौंडांचं, म्हणजे जवळपास १४० किलोंचं यंत्र होतं. ते अ‍ॅल्युमिनियमच्या तबकडीवर खाचा पाडायचं. पुढे अ‍ॅल्युमिनियमवर लाखेसारखा मऊ थर दिलेल्या तबकड्या आल्या. कापताना सुईपुढे दोऱ्यासारखा कीस निघतो, तो ब्रशनं सतत बाजूला करावा लागतो, नाहीतर सुई अडकते. एका बाजूला चार-पाच मिनिटं. वीस कडव्यांचा पोवाड्यासारखा बॅलड असला की मध्येच गायकाला थांबवून तबकडी उलटायची. जुन्या मुद्रणांत गाणी अधूनमधून तुटतात त्याचं कारण हे.

दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम मिळेना म्हणून काचेच्या तबकड्यांवर थर देऊ लागले. त्या पडल्या की संपल्या. थर लवचीक राहावा म्हणून घातलेलं एरंडेल काळाने पृष्ठावर पांढऱ्या भुकटीसारखं उतरतं, थर आकसतो, तडे जातात आणि मग पापुद्रे सुटतात. अशा तबकडीवर सुई टेकवायची सोय नाही.

इथे बर्कलीच्या भौतिकशास्त्रज्ञांनी कमाल केली. कार्ल हेबर आणि विताली फादेयेव कणभौतिकीतल्या मापनासाठी वापरायच्या पद्धती घेऊन आले. खाचांची अतिसूक्ष्म छायाचित्रं घ्यायची आणि त्यांच्या आकारावरून संगणकानं आवाज काढायचा. तबकडीला स्पर्शच नाही. या यंत्राचं नाव ‘आयरीन’, कारण पहिल्या प्रयोगाला वीव्हर्सची ‘गुडनाइट आयरीन’ हीच रेकॉर्ड होती. फुटलेल्या, बुरशी आलेल्या मुद्रणांतूनही त्यांनी आवाज परत आणलाय.

अनुस्वार

तबकडी यांचा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका चांगला आहे. वाचनखूण साठवली.

पोटोमॅककाठी

मी वॉशिंग्टनजवळ राहते. गॉर्डननी सुरू केलेल्या या संग्रहाचं वाचनालय लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या जेफरसन इमारतीत आहे आणि ते कुणालाही खुलं आहे, प्राध्यापक असावं लागत नाही. वाचकपत्र काढायचं, आधी कळवायचं आणि जायचं. कागदांजवळ शाई चालत नाही, पेन्सिलच न्यायची. मी पत्रांची फोल्डर मागवून बसते तेव्हा आवाजापेक्षा अक्षराशी जास्त ओळख होते. वहीचं फाडलेलं रेघांचं पान, पेन्सिलीनं लिहिलेलं गाणं, उच्चाराप्रमाणे केलेलं स्पेलिंग, आणि खाली ‘याची चाल लिहिता येत नाही, भेटलात तर म्हणून दाखवीन’ अशा आशयाचं काहीतरी. संग्राहक प्रवासाला निघायचे ते अशाच आमंत्रणांवर.

स्त्रियांचा वाटा इथे अजून आला नाही म्हणून लिहिते. केंटकीच्या डोंगरात ऑलिव्ह डेम कँबेल यांनी १९०७ पासून गाणी टिपायला सुरुवात केली. १९१५ मध्ये त्यांनी आपला संग्रह इंग्लंडहून आलेले लोकगीतांचे संग्राहक सेसिल शार्प यांना दाखवला. त्यानंतर शार्प आणि त्यांच्या सहकारी मॉड कार्पेलीस यांनी १९१६ ते १९१८ अ‍ॅपलेशियन पर्वतराजीत पायपीट केली. नाव शार्पचं झालं, वाट कँबेलबाईंनी दाखवली. अलाबामातल्या लिव्हिंग्स्टन गावच्या रूबी पिकन्स टार्ट यांनी जॉन लोमॅक्सना व्हेरा हॉल आणि डॉक रीड या गायकांपर्यंत नेलं. व्हेरा हॉल धुणीभांडी, स्वयंपाक करून जगणारी बाई. १९५९ मध्ये अ‍ॅलननं मुद्रित केलेला तिचा आवाज १९९९ मध्ये मोबी या संगीतकारानं आपल्या गाण्यात जसाच्या तसा घेतला आणि तो जगभर वाजला.

आणि लेखिका, लोकसाहित्याची अभ्यासक झोरा नील हर्स्टन! १९३९ मध्ये फ्लोरिडात जॅक्सनव्हिलला हर्बर्ट हॅल्पर्ट या संग्राहकाच्या यंत्रापुढे ती स्वतः गायली. गाणी कशी शिकतेस असं विचारल्यावर तिनं तिथल्या तिथे सांगितलं : लोकांत जाऊन बसते, त्यांच्याबरोबर म्हणते, त्यांना पटेपर्यंत म्हणते, मग ते माझं होतं. ते उत्तर तबकडीवर आहे. पत्रानं जे काम केलं असतं ते इथे गाण्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या गप्पांनी केलंय.

@शंकासुर, मुद्रणं परत करण्याचं कामही झालंय, बरं का. १९७९ पासून मेणाच्या सिलिंडरांचा एक मोठा प्रकल्प चालला. अ‍ॅलिस फ्लेचर आणि फ्रान्सिस ला फ्लेश यांनी १८९० च्या दशकात घेतलेली ओमाहा जमातीची गाणी १९८३ मध्ये त्यांच्याच मेळाव्यात त्यांना परत दिली गेली. फ्रान्सिस ला फ्लेश स्वतः ओमाहा होता.

जात्यावरची

परत करण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचा एक दुवा देते. भारतात येऊन परदेशी अभ्यासकांनी केलेली मुद्रणं बाहेरच्या देशांत पडून राहत, त्यांच्या प्रती इथे असाव्यात म्हणून १९८२ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजनं संगीताचा संग्रह उभारला. तो आता गुडगावला आहे.

आणि पत्रांच्या जागी आपल्याकडे काय, तर हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या टिपणवह्या. जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या त्यांच्या गटानं गावोगाव जाऊन आधी कागदावर उतरवल्या, बाईचं नाव, गाव सगळं नोंदवून. ध्वनिमुद्रणं पुढे झाली. ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर आता ओवी वाचता येते, ऐकताही येते आणि ती म्हणणारी बाई कोण हेही कळतं. माझ्या आजोळच्या ओव्या एका नातेवाइकानं कॅसेटवर घेतल्या होत्या. कॅसेट चालते अजून, पण कोणती ओवी मामीची आणि कोणती शेजारच्या काकूंची हे सांगणारं आता घरात कुणी नाही. त्यामुळे एच. वायलीबद्दल वाचून आत कुठेतरी लागलं.

शंकासुर

@जात्यावरची, कॅसेट तबकडी यांच्यासारख्या जाणकाराकडून डिजिटल करून घ्या आणि आजोळच्या गावात वाजवा. साठ-सत्तरीच्या बायका आवाज ओळखतात. त्या काय बोलतात तेही त्याच वेळी फोनवर रेकॉर्ड करा, ओवी ओळखताना निघणाऱ्या गप्पाच नंतर कामाला येतात.

@पोटोमॅककाठी, ओमाहांबद्दल माहीत नव्हतं. धन्यवाद. मूळ आक्षेप कायम, पण हे वाचून बरं वाटलं.

तबकडी

कॅसेट वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्या, टेप चिकटलेली असेल तर जोर लावू नका. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सांगतो.

अनुस्वार

ऐकायला सुरुवात कुठून करावी? एकच सांगा, यादी नको.

रानपाखरू

@अनुस्वार, विल्यम स्टेप यांचं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन. केंटकीतलं सॅलियर्सव्हिल, १९३७, मुद्रण अ‍ॅलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांचं. वाजवलंय ‘बोनापार्ट्स रिट्रीट’, म्हणजे नेपोलियनच्या माघारीची धून. इतर वादक ती संथ, कवायतीच्या चालीत वाजवत. स्टेप यांनी ती भरधाव सोडली आहे. संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी या तबकडीवरून स्वर न् स्वर ऐकून स्वरलेखन केलं, ते १९४१ मध्ये लोमॅक्सच्या पुस्तकात छापलं गेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकी संगीतकार आरन कोपलंड यांनी ‘रोडिओ’ या बॅलेसाठी ‘हो-डाउन’ रचलं तेव्हा धून तिथूनच उचलली. वेग, वळणं, सगळं स्टेप यांचं, म्हणून तर तबकडी आणि वाद्यवृंद लागोपाठ ऐकले की शंका उरत नाही. आधी स्टेप, मग कोपलंड, या क्रमानं ऐका. ऐकून झालं की इथे लिहा.